गाजर करकरीत राहिलं पाहिजे

मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात सेमिता, म्हणजे इथला सारण भरलेला पाव, खायला बसलं की तो यायच्या आधी टेबलावर एक वाडगा येतो. त्यात हिरव्या हालापेन्यो मिरच्या, गाजराच्या तिरप्या चकत्या, कांद्याच्या पाकळ्या, अख्खी लसूण, मिरी, एखादं वाळकं पान, आणि हे सगळं आंबट पाण्यात बुडालेलं. नवखा माणूस मिरच्या बाजूला सारतो आणि गाजर उचलतो. मिरचीचा निम्मा जाळ त्या गाजरात उतरलेला असतो. आधी व्हिनेगर लागतं, मग गाजराची गोडी, आणि गिळून झाल्यावर कानशिलं तापायला लागतात. तरी हात पुन्हा वाडग्याकडे जातो. मोले पोब्लानो हा इथला मसालेदार रस्सा खायला लोक लांबून या शहरात येतात. मी मात्र सेमितेच्या गाडीवर या फुकटच्या वाडग्यासाठी जाते.

नवऱ्याची नोकरी मोटारींच्या धंद्यातली. चाकण आणि पुएब्ला, दोन्हीकडे फोक्सवॅगनचे कारखाने आणि त्यांच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्यांची गर्दी, त्यामुळे इथे पुण्याकडची घरं थोडीफार सापडतात. आम्ही राहतो ते घर दुमजली. खाली घरमालकीणबाई राहतात, सत्तरी ओलांडलेल्या, अजूनही स्वतः बाजाराला जाणाऱ्या. मी त्यांना सेन्योरा म्हणते, त्या मला मिहा, म्हणजे लेकी, म्हणून हाक मारतात. त्यांच्या फ्रीजमध्ये या आंबट-तिखट भाजीची काचेची बरणी कायम असते आणि ती तळाला लागली की दुसऱ्या दिवशी नवी भरली जाते. मला ती शिकायची होती. त्यांनी एकच अट घातली: बाजारापासून सुरुवात करायची.

इथे या प्रकाराला एस्काबेचे म्हणतात, किंवा घरगुती बोलण्यात नुसतं चिलेस एन विनाग्रे. व्हिनेगरात मुरवायची ही रीत स्पॅनिश लोकांबरोबर आली. त्यांच्याकडे ती अरबांच्या राज्यात पोचली होती आणि अरबांकडे इराणातून. तिकडे मांस आणि मासे असे मुरवत. मेक्सिकोत तिच्यात इथली मिरची पडली आणि पदार्थाचा नूरच बदलला. आता तर डब्यात भरून तो जगभर जातो. ला कोस्तेन्या हे त्यातलं मोठं नाव, १९२३ साली मेक्सिको सिटीतल्या एका छोट्या किराणा दुकानातून सुरू झालेलं. पण कुठलाही डबा टिकवण्यासाठी बंद करून तापवावाच लागतो, आणि गाजर जितकं तापेल तितकं मऊ होतं. घरी करण्याचं खरं कारण हेच. सेन्योरा म्हणतात, मिरचीचं काय, ती कशीही चांगलीच लागते, पण गाजर दाताखाली करकरलं पाहिजे.

मिरच्यांच्या ढिगाजवळ त्या बराच वेळ थांबल्या. मी गुळगुळीत, चकचकीत मिरच्या उचलत होते, त्यांनी त्या परत ठेवायला लावल्या आणि अंगावर बारीक तपकिरी रेघा असलेल्या निवडायला सांगितल्या. त्या रेघा मी रोग समजले असते. मिरची आतून भराभर वाढते, साल तेवढ्या वेगानं ताणत नाही, ठिकठिकाणी उकलते आणि तिथे खपली धरते. म्हणजे मिरची पुरती तयार झालेली, आणि बहुतेक वेळा तिखटही. अमेरिकेतल्या दुकानांत अशा मिरच्या फारशा दिसत नाहीत, इथे गिऱ्हाईक त्या मागून घेतं. हालापेन्योचा तिखटपणा स्कोव्हिल मापात अडीच हजार ते आठ हजारांपर्यंत कुठेही असतो, त्यामुळे एकाच ढिगातल्या दोन मिरच्या अगदी वेगळ्या निघू शकतात. रेघा पाहून घेतल्या तर निदान अंदाज येतो.

विक्रेत्या बाईंनी मी कुठली म्हणून विचारलं. भारतातली म्हटल्यावर त्या लगेच म्हणाल्या, म्हणजे चिना पोब्लानाच्या देशातली! या शहरात ती गोष्ट लहान मुलांनाही ठाऊक असते. सतराव्या शतकात भारतातून पकडून नेलेली एक मुलगी मनिलामार्गे इथे आणून विकली गेली, बाप्तिस्म्यानंतर तिचं नाव कातारिना दे सान हुआन झालं, लोक तिला संत मानू लागले आणि १६८८ मध्ये ती याच शहरात वारली. मिरच्या तोलत तोलत कुणी तिची आठवण काढते आणि वर पिलोन म्हणून दोन मिरच्या जास्तीच्या टाकते, याचं मला फार अप्रूप वाटलं.

बाकी खरेदी पटकन झाली. याच राज्यात पिकलेली गाजरं, मध्यम जाडीची, कारण फार जाड गाजराचा आतला दांडा लाकडासारखा असतो. पांढरे कांदे, लसणीचे गड्डे, लहानसा फ्लॉवर. मग येर्बास दे ओलोरची, म्हणजे सुगंधी पाल्याची, जुडी: लॉरेलची म्हणजे बे लीफची पानं, थाइम आणि मार्जोरम, तिन्ही एकत्र बांधून विकतात. सुट्टा ओरेगानो. मेक्सिकोतला ओरेगानो पिझ्झ्यावरच्या ओरेगानोहून वेगळ्या कुळातला आहे. त्याच्या वासात पुदिन्याचा अंश नाही, किंचित लिंबाची चाहूल आहे. आणि पिमिएंता गोर्दा, म्हणजे ऑलस्पाइस. हे झाड मूळचं या भागातलं, पुएब्लाच्या उत्तरेकडच्या डोंगरात कुएत्सालानच्या बाजूला त्याची बरीच झाडं आहेत. दोन दाणे चुरडले तरी लवंग, दालचिनी आणि जायफळ असा तिन्हीचा भास होतो.

आता प्रमाण. सेन्योरांकडे वजनकाटा नाही. मी त्यांच्या मुठी आणि वाट्या बाजूला मापून लिहून घेतल्या. अर्धा किलो हालापेन्यो, अर्धा किलो गाजर, दोन मोठे पांढरे कांदे, लसणीचा एक अख्खा गड्डा, फ्लॉवरचे मूठभर तुरे. पाव वाटी तेल. पाऊण लिटर पांढरं व्हिनेगर, पाव लिटर पाणी, दोन मोठे चमचे मीठ, पन्नास ग्रॅम पिलोन्सियो. पिलोन्सियो म्हणजे उसाचा गूळच, छोट्या शंकूच्या आकारात. पुएब्लाच्या लोकांना व्हिनेगरात थोडा गूळ लागतो, देशाच्या इतर भागांत तो घालतीलच असं नाही. चार लॉरेलची पानं, थाइम-मार्जोरमच्या दोन-दोन काड्या, एक चमचा ओरेगानो, दहा-बारा मिरी, पाच-सहा पिमिएंता गोर्दा, दोन लवंगा.

चिरणं महत्त्वाचं आहे. गाजर सोलून तिरप्या चकत्या, पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या. पातळ केल्या तर भांड्यातच लोळागोळा होतात, जाड केल्या तर आतपर्यंत व्हिनेगर जात नाही. निम्म्या मिरच्या अख्ख्या ठेवायच्या, देठासकट, पण टोकाकडून अधिक चिन्हासारखी चीर द्यायची म्हणजे आंबट पाणी पोटात शिरतं. चीर न दिलेली मिरची नुसती तरंगत राहते. उरलेल्या मिरच्यांच्या उभ्या पट्ट्या, त्यांना इथे राहास म्हणतात. सेन्योरा पट्ट्यांमधल्या बिया झटकतात पण पांढरी शीर तशीच ठेवतात, आणि ते बरोबर आहे: तिखटपणा बियांमध्ये नसून त्या शिरेतच असतो. हातांना आधीच तेल चोळून ठेवलं होतं. नंतर साबणानं धुतले. नुसत्या पाण्यानं हात धुऊन काही होत नाही, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात लगेच विरघळतं.

सगळी किमया याच एका गोष्टीत आहे. मी आधी समजत होते की भाज्या सरळ व्हिनेगरात उकळतात आणि तेल केवळ चवीला. तसं केलं तर मिरची तिखट, गाजर आंबट, आणि दोघांची ओळखच होत नाही. तेलात आधी परतल्यावर मिरचीचा तिखटपणा तेल ओढून घेतं आणि तेच तेल गाजराच्या चकत्यांवर बसतं. म्हणून गाजर असं जाळतं.

पातेलं स्टीलचं घेतलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मातीच्या सुरेख चकचकीत कासुएला टांगलेल्या होत्या, मी एकीकडे बोट दाखवलं तर सेन्योरांनी जोरजोरात मान हलवली. मेक्सिकोतल्या पारंपरिक मातीच्या भांड्यांची झिलई पुष्कळदा शिशाची असते, आणि व्हिनेगरासारखा आंबट पदार्थ त्यातलं शिसं ओढून घेतो. आता शिसं नसलेली भांडीही मिळतात, पण जुन्या भांड्याचं काही सांगता येत नाही. आंबट काही करायचं तर स्टील, साठवायचं तर काच, हा त्यांच्या घरचा नियम आहे. अ‍ॅल्युमिनियम आणि पितळही नको. आपल्याकडेही ज्यांच्या माळ्यावर कुणाकुणाच्या जुन्या बरण्या पडून आहेत त्यांनी व्हिनेगरासाठी काचच घ्यावी, असं मी म्हणेन.

तेल तापलं. मंद आचेवर आधी लसूण, पाकळ्या सोललेल्या पण अख्ख्या, बरोबर मिरी, पिमिएंता आणि लवंगा. लसणीला कडेनं रंग आला की गाजर. मिनिटभरात तेल केशरी दिसायला लागलं. मग फ्लॉवर, मग कांदा, सगळ्यात शेवटी मिरच्या. झाकण नाही, कारण वाफेत भाजी शिजते आणि इथे शिजायला नको आहे. सेन्योरा झाऱ्यानं हलवत नव्हत्या, पातेलंच दोन्ही हातांनी धरून झटकत होत्या. मिरचीच्या सालीवर कुठे कुठे पांढुरके फोड दिसायला लागले, त्यांनी एक चकती बाहेर काढून मधोमध मोडली आणि मला दाखवली. कडेला अर्धपारदर्शक काठ, साधारण नखाच्या जाडीचा, आणि आतला भाग अजून फिका, कच्चा. मोडताना टक् असा आवाज आला. "आत्ता," त्या म्हणाल्या. पुढचं सगळं याच क्षणावर अवलंबून आहे, कारण गरम व्हिनेगरात गाजर आणखी शिजणार आणि बरणीत निवेपर्यंत आणखी थोडं. इथे पोटातून पूर्ण शिजलेलं गाजर उद्या लगदा होतं.

गॅस बंद करून मगच व्हिनेगर ओतायचं, कडेनं, आणि खिडकी उघडी ठेवून. तिखट तेलावर व्हिनेगर पडलं की जी वाफ उठते तिनं घरभर ठसका लागतो. मग पाणी, मीठ, गूळ, पानं आणि काड्या, आणि पुन्हा गॅस. उकळी फुटली की आच कमी करून चारच मिनिटं. पुएब्ला एकवीसशे मीटरहून अधिक उंचीवर आहे, इथे पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळतं. डाळी आणि राजमा शिजवताना जीव जातो, प्रेशर कुकरशिवाय चालत नाही. पण या पदार्थाला तीच उंची मानवते. पुण्यात करताना मी उकळी आली की दोन-अडीच मिनिटांत गॅस बंद करते.

मिरच्यांचा हिरवा रंग आता उतरला होता, शेवाळी झाला होता. आम्लात हरितद्रव्य टिकत नाही, त्यामुळे ते होणारच, कुणी हिरवेपणा राखायला सोडा घालू नये. सोड्यानं व्हिनेगरची आंबटाई मरते, आणि आंबटाई इथे केवळ चवीपुरती नाही.

याबद्दल थोडं गंभीर बोलायला हवं. १९७७ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या पाँटिअ‍ॅक शहरात एका मेक्सिकन उपाहारगृहात जेवलेले पन्नासहून अधिक लोक बॉट्युलिझमनं, म्हणजे एका जंतूच्या विषानं होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेनं, आजारी पडले. कारण होतं घरगुती पद्धतीनं हवाबंद केलेल्या हालापेन्यो मिरच्या. मिरची, गाजर, लसूण ही सगळी कमी आम्लाची, जमिनीच्या जवळची, आणि मातीत राहणाऱ्या त्या जंतूला हवाबंद जागा मानवते. सामू (pH) ४.६ च्या खाली असेल तर तो वाढत नाही. म्हणून व्हिनेगर पाच टक्क्यांचं हवं, पाणी त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त नको, भाज्या पूर्ण बुडालेल्या हव्यात, आणि बरणी फ्रीजमध्ये. आपल्या लोणच्याला मीठ, मोहरी, वरचं तेल आणि कैरीची स्वतःची आंबटाई सांभाळते. इथे एकट्या व्हिनेगरवर सगळा भार आहे. लोणच्याच्या सवयीनं वर तेलाचा थर सोडून बरणी ओट्यावर ठेवणं म्हणजे जंतूला आयतं घर देणं.

बरण्या उकळत्या पाण्यात काढून कोरड्या करून घेतल्या होत्या. आधी भाज्या झाऱ्यानं भरल्या, मिरच्या खाली आणि गाजर वर असं होऊ नये म्हणून थोडं थोडं, मग कढत व्हिनेगर गळ्यापर्यंत. चमच्याच्या दांड्यानं कडेचे बुडबुडे काढले. निवल्यावर झाकण आणि फ्रीज. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर लसणीच्या दोन पाकळ्या चक्क निळसर हिरव्या झालेल्या. सेन्योरा म्हणाल्या, हे असंच होतं, खा. लसणीतल्या गंधकाच्या संयुगांचं आम्लात होणारं ते रूपांतर आहे, त्यानं अपाय होत नाही. आता मला तो रंग आवडायला लागला आहे.

एक रात्र मुरल्यावर खाता येतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी चव सगळीकडे सारखी पोचते. दीड-दोन महिने छान राहतं, पण आमच्याकडे तितकं उरत नाही. वर्षाचं लोणचं घालून ठेवावं, जेवताना पानाच्या कडेला बोटभर वाढावं, ही आपली रीत इथे लागू होत नाही. हे वाटीभर घेऊन भाजीसारखं खायचं. तळणीच्या, चीजच्या, मांसाच्या प्रत्येक जड घासानंतर एक चकती, की तोंड पुन्हा ताजं. शिल्लक राहिलेलं पाणीही कुणी टाकत नाही. ते शेवयांच्या सुपात जातं, उकडलेल्या बटाट्यावर जातं, पॉपकॉर्नवर शिंपडलं जातं. मी ते दडप्या पोह्यांत लिंबाऐवजी घालते आणि वर राहासच्या दोन पट्ट्या. नवरा आता लिंबाचे दडपे पोहे खायला तयार नाही.

माझी गोव्यातली मावशी गेल्या भेटीत हे खाऊन लगेच म्हणाली, अगो, हे तर आमच्याकडचंच. तिचा शेजार सगळा ख्रिश्चनांचा, माडाच्या व्हिनेगरात लसूण आणि मिरची घालून मासे, मांस मुरवणाऱ्या घरांचा. तिचं म्हणणं उगाच नव्हतं. स्पॅनिश लोकांनी ही रीत मेक्सिकोत नेली, त्यांच्या शेजारच्या पोर्तुगीजांनी तशीच रीत सोळाव्या शतकात गोव्यात आणली, आणि मिरचीही त्यांनीच. फक्त गोव्यात व्हिनेगरच्या हाती मासे आणि मांस लागलं, पुएब्लात गाजर.

पुण्यात करायचं तर काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. हालापेन्यो आता मोठ्या भाजीवाल्यांकडे बऱ्याचदा मिळते. न मिळाल्यास भज्यांची जाड सालीची मिरची घ्यावी आणि तिखटासाठी तिच्यात चार-पाच लवंगी मिरच्या चीर देऊन टाकाव्यात. नुसती ज्वाला किंवा लवंगी घेतली तर साल इतकी पातळ की व्हिनेगरात तिचं कातडं होतं. तमालपत्र लॉरेलच्या जागी चालवून घेतात, पण मी नाही घालत. आपल्या पानावर तीन लांब शिरा असतात आणि वास दालचिनीकडे झुकतो, त्यानं सगळं पुलावासारखं लागायला लागतं. त्यापेक्षा पान वगळलेलं बरं. हिंग, मोहरी, हळद यांचा मोह आवरावा. लाल गाजर दिवाळीनंतर येतं ते रसाळ असलं तरी फार लवकर मऊ होतं, केशरी गाजरच घ्यावं. गूळ मात्र आपला अगदी चोख चालतो, कोल्हापुरी असेल तर उत्तमच.

आणि व्हिनेगरच्या बाटलीवरचं लेबल वाचावं. आपल्याकडची पुष्कळ व्हिनेगरं चार टक्क्यांची असतात, ती आधीच पातळ आहेत. त्यात पाणी अजिबात घालायचं नाही, एक लिटर घ्यायचं तर एक लिटर व्हिनेगरच, आणि आंबट जास्त वाटलं तर गूळ थोडा वाढवायचा.